बाईंचे पिंगट केस : घरच्या घरी पांढरे झाकण्याचं एक प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली दुपार. पार्लरमध्ये कोणी नव्हतं आणि दारात बाई उभ्या. सातवी ते दहावी त्यांनी मला मराठी शिकवलं. आजही त्या दिसल्या की मी आपोआप उठून उभी राहते. "बस गं, उभी काय राहतेस," म्हणत त्यांनी अंबाड्याचा चाप काढला आणि केस पाठीवर सोडले. "बघ हे. जूनअखेर सेवापूर्तीचा कार्यक्रम आहे. सगळी शाळा जमणार. त्यांच्यासमोर हे असं घेऊन उभी राहू?"

हे प्रकरण त्यांच्या परवानगीने, नाव गाळून लिहिते आहे. चिपळुणात बावीस वर्षं पार्लर चालवताना 'घरी रंग लावला आणि बिघडला' म्हणत किती जणी आल्या याची मोजदाद नाही. त्यांतल्या बहुतेकींच्या हातून झालेल्या चुका बाईंच्या केसांत एका ठिकाणी पाहायला मिळाल्या. आणि एक गोष्ट अशी होती की ती वेळेवर लक्षात आली नसती, तर सेवापूर्तीच्या दिवशी बाई कदाचित दवाखान्यात असत्या.

बाईंचे मूळचे केस पिंगट. कोकणात घारे डोळे आणि पिंगट केस काही नवलाचे नाहीत, पण बाईंचे केस आम्हा मुलींच्या चांगले लक्षात होते. वर्गात खिडकीशी उभ्या राहून त्या कविता म्हणत, तेव्हा मागून ऊन आलं की कानाजवळच्या बटा सुकत घातलेल्या सुपारीच्या रंगाच्या दिसत. त्या दुपारी माझ्यासमोर जे केस होते त्यांत तो रंग जेमतेम नखभर उरला होता.

टाळूपासून साधारण दोन सेंटिमीटर केस नवे होते. कानशिलांवर आणि भांगाच्या पुढच्या भागात जवळजवळ सगळे पांढरे, मागे मानेकडे पांढरे आणि पिंगट मिसळलेले. त्याखाली तांब्याच्या भांड्यासारखी लालसर पट्टी, ती खाली जाता जाता गडद होत गेलेली. मग काळपट मरून. आणि खालचा अर्ध्याहून जास्त भाग ठार काळा, कोरडा, उजेड पडला तरी चमक नसलेला. एका वेणीत चार रंग.

माझ्याकडे गिऱ्हाइकांची एक नोंदवही असायची. कोणी कधी कोणती शेड लावली, काही त्रास झाला का, सगळं त्यात लिहिलेलं. २०२१ च्या जुलैतल्या पुरात पार्लरमध्ये छातीपर्यंत पाणी आलं, त्यात ती वहीही गेली. त्यामुळे बाईंची जुनी नोंद काढून बघायची सोय नव्हती. पण केस स्वतःच वही असतात. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. मी शिंपिणीकडची टेप आणली आणि टाळूपासून टोकापर्यंत मोजलं. ४५ सेंटिमीटर. म्हणजे टोकाचा केस तीन वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेला. तांबडी पट्टी दोनपासून बारा सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे आठ महिन्यांची. मरून पट्टी बारापासून बावीसपर्यंत, तीही आठ महिन्यांची. बावीसच्या खाली सगळं काळं.

"बाई, आठवून सांगा. दीड वर्षापूर्वी, दिवाळीच्या सुमाराला काय बदललंत?"

बाईंनी डोळे मिटले. मग एकेक धागा निघाला. सुरुवातीची काही वर्षं त्या दुकानात मिळणारी 'काळी मेंदी' लावत. छोटी पुडी, पाण्यात कालवायची, अर्ध्या तासात काम. दीड वर्षापूर्वीच्या दिवाळीत भावजय म्हणाली, "वन्सं, इतका काळा रंग तुमच्या चेहऱ्याला शोभत नाही." तिचं बरोबर होतं. गोऱ्या, घाऱ्या डोळ्यांच्या चेहऱ्याभोवती ठार काळी चौकट आली की माणूस आजारी दिसतं. शिवाय काळ्याच्या शेजारी पांढरी मुळं दहाव्या दिवशीच डोळ्यांत भरतात. मग आठ महिने बाईंनी साधी मेंदी लावली. पांढरे केस नारिंगी झाले, ते मुलांनी वर्गात कुजबुजत दाखवून दिलं. गेल्या जुलैपासून त्यांनी ब्राऊन शेडची खोकी आणायला सुरुवात केली. दर चार आठवड्यांनी एक खोकं, आणि दर वेळी रंग मुळापासून शेंड्यापर्यंत.

शेवटचं हे वाक्य महत्त्वाचं. रंग बिघडण्याचं मुख्य कारण तिथेच आहे.

कायम टिकणारा डाय केसावर बसत नाही, केसाच्या आत जाऊन तयार होतो. खोक्यातल्या ट्यूबमध्ये अमोनिया किंवा त्याच्या जागी दुसरा अल्कधर्मी पदार्थ असतो. तो केसावरचे खवले फुगवून वाट मोकळी करतो. सोबतच्या बाटलीतल्या डेव्हलपरमधलं, म्हणजे रंग खुलवणाऱ्या द्रवातलं, हायड्रोजन पेरॉक्साइड मूळचा रंग थोडा उतरवतं आणि ट्यूबमधल्या बारीक, रंगहीन रेणूंना एकमेकांशी जोडून मोठा रंगीत रेणू बनवतं. तो मोठा झाला की बाहेर पडू शकत नाही. नव्या मुळाला हे एकदा झालं की पुरेसं. पण आठ महिन्यांपूर्वीच्या केसाला ते दर महिन्याला पुन्हा केलं तर आत रंगावर रंग साठतो. म्हणून बाईंची तांबडी पट्टी मुळाशी उजळ आणि खाली गडद होत गेली होती. खोकं तेच, शेड तीच, पण मुळाशी एक हात आणि खाली आठ हात. मरून पट्टीत आधीची मेंदी होती, तिच्यावर ब्राऊनचे थर बसले. आणि काळ्या भागाला ब्राऊनने काहीच केलं नाही, कारण डायने डाय उतरत नाही. बाई दर महिन्याला त्या काळ्या टोकांनाही निम्मं खोकं लावत होत्या, ती उजळतील या आशेने. उजळली तर नाहीतच, कोरडी मात्र पडली.

इथपर्यंत मामला सरळ होता. खाली थोडं कापायचं, यापुढे फक्त मुळांना रंग, शेड नीट निवडायची, की जूनपर्यंत सगळं मार्गी. मी कंगवा फिरवत कानामागचे केस बाजूला केले आणि तिथली त्वचा पाहिली. कानाच्या पाळीमागे काळसर, जाड झालेला पट्टा, वर बारीक खपल्या. मानेवर केसांच्या रेषेलगतही तसंच.

"इथे खाजतं का?"

"ते घामाचं गं. आणि कोंडा. तुला माहीतच आहे इथला उकाडा."

"कायम खाजतं, की मध्येमध्ये?"

बाई थांबल्या. चाळीस वर्षं मुलांना नेमकं उत्तर द्यायला शिकवलेल्या बाईंना स्वतःचं अर्धवट उत्तर चालेना. "मध्येमध्ये. रंग लावला की दोन दिवसांनी." मग हळूच, "काळी मेंदी लावायचे तेव्हा शेवटी शेवटी फार खाजायचं. साध्या मेंदीत नाही खाजलं. आता पुन्हा." आणि फेब्रुवारीत काय झालं तेही मग सांगितलं. रंग लावल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात, पापण्या टम्म फुगलेल्या. आंब्याचा मोहर जोरात होता, म्हणून मोहराची अ‍ॅलर्जी समजून त्यांनी औषधाच्या दुकानातून गोळी आणून घेतली. दोन दिवसांत सूज उतरली.

टेप अजून माझ्या हातात होती. काळा भाग, खाज. मेंदीचे आठ महिने, खाज नाही. खोक्याचे आठ महिने, पुन्हा खाज, आणि शेवटच्या वेळी पापण्या. केसांवरच्या पट्ट्या आणि त्वचेची तक्रार एकमेकींना तंतोतंत जुळत होत्या.

काळ्या मेंदीच्या पुडीत आणि ब्राऊनच्या खोक्यात सामाईक असतं ते पॅरा-फिनिलिनडायअमाइन, आमच्या धंद्यात नुसतं पीपीडी. पॅरिसमध्ये यूजेन श्युएलर यांनी १९०७ साली रसायनापासून केसांचा रंग बनवला, तेव्हापासून शंभराहून जास्त वर्षं गडद रंगांचा पाया बहुतेक हेच किंवा याचं भावंड राहिलं आहे. पुडीवर 'मेंदी' लिहिलेलं असलं आणि अर्ध्या तासात काळं होत असलं, तर तो काळेपणा मेंदीचा नव्हे. मेंदीच्या पानात काळा रंग नाहीच. तिच्यात लॉसोन नावाचं द्रव्य असतं आणि ते पांढऱ्या केसाला नारिंगी-तांबडा रंग देतं, दुसरा कुठला नाही.

पीपीडीची अ‍ॅलर्जी एकदम येत नाही. वर्षानुवर्षं काही होत नाही, मग एक दिवस शरीर त्याला ओळखून ठेवतं, आणि पुढे दर वेळी त्रास आधीपेक्षा वाढू शकतो. डोक्याची त्वचा जाड असल्याने ती बऱ्याचदा सोसून घेते. खाज आणि सूज उठते ती कान, मान, कपाळ आणि पापण्यांवर. म्हणून बायकांना ती रंगाची वाटतच नाही. घामाची, कोंड्याची, मोहराची वाटते.

मी टेप गुंडाळून ठेवली आणि म्हटलं, "बाई, आज मी तुम्हाला कसलाही रंग लावणार नाही. आणि तुम्हीही घरी लावायचा नाही. आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा."

त्यांचा चेहरा पडला. दोन महिनेच होते हातात. "आणि तोवर काय? शाळेत हीच चार रंगांची वेणी?" त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं ते पाहून मला फार वाईट वाटलं. केसांचा रंग ही वरवरची गोष्ट आहे असं म्हणणाऱ्या माणसांनी, आयुष्यभर वर्गासमोर नीटनेटकी उभी राहिलेल्या बाईला असं बसलेलं पाहावं. मी त्यांना खालचे दहा सेंटिमीटर कापून दिले, निर्जीव काळ्याचा तेवढा तरी भार कमी झाला. मग अंबाडा असा घातला की काळा भाग आत गेला आणि पुढे भांगाजवळ पिंगट-पांढरंच दिसू लागलं. अमोनिया नसलेलं खोकं चालेल का, असंही त्यांनी विचारलं. हा गैरसमज घराघरांत आहे. अमोनिया काढला म्हणजे नाकाला झोंबणारा वास गेला. पीपीडी त्या खोक्यातही बहुधा असतंच.

डॉक्टरांनी आधी त्वचा बरी होऊ दिली, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पॅच टेस्ट केली. पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांत निरनिराळे पदार्थ लावून वर चिकटपट्टी. सोमवारी लावलं, बुधवारी काढलं, शुक्रवारी पुन्हा पाहिलं. तोवर पाठीला पाणी नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मेमधल्या चिपळुणात घाम येऊ द्यायचा नाही म्हणजे केवढी शिक्षा! सुट्टी लागली होती म्हणून निभावलं. पाच दिवस बाई पंख्याखाली पालथ्या पडून पुस्तकं वाचत होत्या. शुक्रवारी पीपीडीच्या जागी लाल, उठावदार, बारीक फोड आलेला चौकोन होता. बाकीची पाठ स्वच्छ. डॉक्टरांनी एका कार्डावर त्या द्रव्याचं नाव लिहून दिलं आणि सांगितलं की यापुढे आयुष्यभर नाही. त्याच्या जवळच्या नात्यातल्या रंगद्रव्यांनीही अनेकांना त्रास होतो, तेव्हा 'पीपीडी-फ्री' लिहिलेल्या खोक्यावरही भरवसा ठेवायचा नाही.

त्या संध्याकाळी बाई एक रिकामं खोकं आणि भिंग घेऊन आल्या. खोक्याच्या आतल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना होती. आपल्याकडच्या कायद्यानुसार असा डाय विकणाऱ्याला ती इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत छापावीच लागते: यातल्या घटकांमुळे काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी करा, आणि भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. चाचणीही दिलेली असते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा डाय लावायचा, वाळू द्यायचा, चोवीस तासांनी धुऊन पाहायचं. बाईंनी भिंगातून ते मोठ्याने वाचलं, कविता वाचायच्या त्याच स्पष्ट आवाजात, आणि कागद घडी करून ठेवला. "पाच-सहा वर्षांत मी हा एकदाही उघडला नाही," म्हणाल्या. मी माझ्या गिऱ्हाइकांना चोवीस नव्हे, अठ्ठेचाळीस तास थांबवते, कारण ही अ‍ॅलर्जी उशिरा उमटते. बाईंची खाजही दोन दिवसांनंतरची होती. आणि आधी सात वेळा काही झालं नाही म्हणून आठव्यांदा चाचणी सोडायची नाही. मात्र ज्यांना एकदा पापण्या सुजेपर्यंत त्रास झाला आहे त्यांनी ही चाचणी घरी करूच नये. तिथे चाचणीचा ठिपकाही महागात पडतो.

अ‍ॅलर्जी नसती तर मी बाईंना काय सांगितलं असतं, तेही लिहून ठेवते, कारण वाचणाऱ्या बहुतेकींना तेच लागेल. खोक्यावरच्या मॉडेलचे केस पाहून शेड घेऊ नये. खोक्यावर आकडा असतो तो पाहावा: १ म्हणजे काळा, ३ गडद ब्राऊन, ४ ब्राऊन, ५ फिका ब्राऊन. पिंगट केसांना ५ किंवा फार तर ४. शंका असेल तर फिकी शेड, कारण गडद करणं नेहमी जमतं, उजळणं घरी जमत नाही. टिंबानंतरचा आकडा छटेचा. पांढरे जास्त असतील तर नैसर्गिक छटा, म्हणजे टिंबानंतर शून्य किंवा काहीच नसलेली, घ्यावी. बर्गंडी, महॉगनी अशा छटा एकट्या पांढऱ्यावर लावल्या की पांढरे केस जांभळट-लाल चमकतात. डेव्हलपर सहा टक्क्यांचा, ज्याला २० व्हॉल्यूम म्हणतात. पांढऱ्यासाठी तोच योग्य, त्याहून तीव्र नको. आणि रंग फक्त नव्या मुळांना. कानशिलांवरचे पांढरे हट्टी असतात, तिथे आधी लावायचा. घड्याळ लावून कागदावर लिहिलेली वेळ पाळायची. खालच्या केसांना रंग नेण्याची गरज असते ती वर्षातून एखाद वेळा, शेवटची पाच मिनिटं, तीही फिके पडले असतील तर.

बाईंना यातलं काही उपयोगाचं नव्हतं. राहिली मेंदी आणि नीळ.

नीळ म्हणजे कपड्यांना घालायची नव्हे. हे मी जोर देऊन सांगते, कारण आमच्या बाजारात एका दुकानदाराने एका बाईला खरंच ती दिली होती. इथे नीळ म्हणजे निळीच्या झाडाची सुकवलेली, दळलेली पानं. दुकानात इंडिगो पावडर म्हणून मिळते, रंगाने हिरवी. मेंदी आम्ही सोजतची घेतली. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातल्या सोजतच्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दोन्ही पुड्यांवर घटकांच्या जागी एकाच पानाचं नाव आहे ना, दुसरं काही नाही ना, हे बाईंनीच भिंगाने तपासलं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही, तरी दोन्हींची चाचणी कानामागे अठ्ठेचाळीस तास केली. झाडपाल्याचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते.

मग बटा. मानेजवळून, जिथे पांढरे आणि पिंगट मिसळले होते, तिथल्या आतल्या केसांची एक बारीक बट मुळाजवळून कापली आणि तिचे चार छोटे जुडगे केले. दोऱ्याने बांधले, दोऱ्याला गाठी मारल्या: एक गाठ, दोन, तीन, चार. पहिल्या जुडग्याला नुसती मेंदी. दुसऱ्याला दोन भाग मेंदी, एक भाग नीळ. तिसऱ्याला समान. चौथ्याला एक भाग मेंदी, दोन भाग नीळ. तीन तासांनी धुतले आणि वाळवले. पहिला जुडगा झेंडूसारखा. दुसरा तांबूस. तिसरा मातकट-हिरवट, शेवाळ लागलेल्या फरशीसारखा. बाईंनी तो बघितला आणि खुर्चीतच मागे सरकल्या. "हे माझ्या डोक्यावर?"

मी म्हटलं, तीन दिवस थांबा. निळीचा रंग हवेने उमलतो. त्या पानातलं द्रव्य पाण्यात विरघळतं तेव्हा निळं नसतंच. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन ते निळं होतं, आणि खालच्या मेंदीच्या नारिंगीत मिसळून तपकिरी दिसतं. जुडगे खिडकीत ठेवले. तिसऱ्या दिवशी तिसरा जुडगा भाजलेल्या काजूच्या सालीच्या रंगाचा झाला होता. त्यातले मूळचे पिंगट केस थोडे खोल, पांढरे थोडे उजळ, आणि दोन्ही मिळून असा रंग की तो रंगवलेला वाटेना. बाईंनी तो जुडगा उजेडात धरला, फिरवला, आणि कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

घरी करायची पद्धत मी त्यांना लिहून दिली. आदल्या संध्याकाळी शांपू, आणि सकाळपर्यंत तेलाचा थेंब नाही. आपल्याकडे रोज खोबरेल लावायची सवय. तेलकट केसावर मेंदी धरत नाही. ५० ग्रॅम मेंदी कोमट पाण्यात, अर्ध्या लिंबाच्या रसासह, दह्याइतकी घट्ट भिजवायची. आपल्या उकाड्यात पाच-सहा तास पुरतात. नीळ मात्र लावायच्या आधी दहा-पंधरा मिनिटंच, कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून, लिंबू अजिबात नाही. दोन्ही एकत्र करून लगेच मुळांना. लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात मेंदी भिजवायची आजीची रीत वाईट नाही, तिने मेंदी गडद होते. पण इथे प्रमाण बटांवर ठरवलं होतं, म्हणून स्टीलचं पातेलंच वापरायचं. तीन तास ठेवायचं, नुसत्या पाण्याने धुवायचं, दोन दिवस शांपू नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वासातला फोन. "अगं, माझ्या डोक्याला संध्याकाळच्या आभाळाचा रंग आलाय."

मी स्कूटर काढून गेले. मुळं खरोखर नारिंगी, आणि निळीचा पत्ता नाही. पातेलं बघितलं, विचारलं. बाईंनी रात्रीच मेंदीसोबत नीळही भिजवून ठेवली होती, सकाळी एक काम कमी व्हावं म्हणून. भिजवल्यावर नीळ थोडाच वेळ जिवंत असते. त्यात लिंबाचा आंबटपणा. सकाळपर्यंत ती मेलेली होती आणि डोक्याला लागली ती नुसती मेंदी. बाईंना फार लागलं. "इतकं स्पष्ट लिहून दिलं होतंस तू."

पण यातून सावरणं सोपं होतं. उलट जास्त पांढऱ्या केसांना कित्येकदा हीच पद्धत बरी पडते: आधी मेंदीचा नारिंगी थर, मग त्यावर नीळ. मी तिथेच ताजी नीळ भिजवली. वर निळसर साय धरली तशी नारिंगी मुळांना लावली, आणि घड्याळ लावून चाळीस मिनिटांनी धुतली. जास्त ठेवली असती तर काळ्याकडे झुकली असती. स्वयंपाकघराच्या दारातल्या उजेडात दर दहा मिनिटांनी एक केस पुसून बघत होते. धुतल्यावर हिरवट, दुसऱ्या दिवशी मातकट, तिसऱ्या दिवशी बाईंनी फोनवर फोटो पाठवला. पर्समधला जुडगा भांगाशेजारी धरलेला. दोन्हीत फरक दिसत नव्हता.

कानशिलं थोडी फिकी राहिली. पुढच्या वेळी, जूनच्या मध्यात, बाईंनी आधी कानशिलांना मेंदी लावली, मग बाकी भांग, आणि शेवटी पुन्हा कानशिलांवर एक हात. नीळ वेगळ्या वाटीत, वेळेवर. ते काम त्यांनी एकटीने केलं. मी फक्त आरशात मागची बाजू दाखवायला गेले होते.

खालचा काळा भाग उजळायचा प्रयत्न आम्ही केला नाही. ब्लीचमध्ये पीपीडी नसतं, पण आधीच कोरड्या पडलेल्या केसांवर ते परवडलं नसतं, शिवाय मेंदी-निळीवर ब्लीच गेलं की हिरवट छटा राहू शकते. तो भाग कापत जायचा, एवढंच. सेवापूर्तीच्या दिवशी बाईंनी खोपा घातला होता, अबोलीच्या वळेसरात. व्यासपीठ शाळेच्या व्हरांड्यात होतं. बाहेर पाऊस, उजेड थोडा, आणि भाषणाला उभ्या राहिल्या तेव्हा भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस त्या मंद उजेडातही तपकिरी दिसत होते. माझ्या शेजारी बसलेल्या, आमच्याच बॅचच्या मैत्रिणीने विचारलं, "बाई रंगवत नाहीत का गं अजून?"

ऑगस्टमध्ये पुन्हा आठ सेंटिमीटर कापले, डिसेंबरमध्ये अडीच. टेप लावून मोजलं: काळं जवळजवळ संपलं होतं, टोकाला दोन-तीन सेंटिमीटर, आणि केस खांद्याला टेकत होते. बाई म्हणाल्या तेवढंही कापून टाक. कानामागची त्वचा नितळ होती. डॉक्टरांचं कार्ड त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून घेतलं आहे, आणि औषधाच्या दुकानात काहीही घेताना आधी ते काउंटरवर ठेवतात. माझी नवी नोंदवही मी त्यांच्या नावानेच सुरू केली. पहिल्या पानावर चिकटपट्टीने तीन गाठींचा तो जुडगा लावला आहे.